चौघींना उजवा कौल

हेंद्रेपाडा, बदलापूर

तीर्थरूप आण्णामामांना भाचा उन्मेषचा साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे? संगमेश्वरच्या हवेत तुमचा खोकला पळाला असेल. (इथेच राहिलाय. आता तो मला आहे.)

पत्रास कारण, माझं डोकं चालेनासं झालंय. तुमची सून संजीवनी नगरपालिकेला उभी आहे, हे फोनवर सांगितलंच होतं. तिला न विचारता मी गावदेवीला कौल लावून आलो. कोंडाजी गुरवांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि पाच मिनिटांत उजवी पाकळी पडली. विजय नक्की! मी पेढे वाटले, बँजोवाल्याला सांगून ठेवलं. दुसऱ्या दिवशी कळलं, विरोधात उभ्या असलेल्या कीर्तीताईंनाही उजवाच कौल झालाय. मग जिज्ञासाला, मग काशीबाईंना. जागा एक, उमेदवार चार, आणि विजय चौघींचा नक्की. कोंडाजींना गाठलं तर म्हणतात, "साहेब, पाकळी मी नाय पाडत. तुमी जा काय इचारलाव ता मी देवीला इचारला." देवी खोटं बोलत नाही, हे लहानपणी तुम्हीच मला शिकवलंत. मग चौघी एका खुर्चीत बसणार कशा?

पुढचा घोळ तर विचारूच नका. सगळ्यांचाच प्रचार थंडावलाय, कार्यकर्ते पेढे खाऊन सुस्त. तिसऱ्या मजल्यावरच्या रखमाबाईंना मतदानाची चिठ्ठी द्यायला गेलो, तर म्हणाल्या, "देवीनं ठरवलंय ना? मग मी जिना कशाला उतरू?" मला ते एकदम पटलं, आणि पटल्यावर घाम फुटला. एकटी संजीवनी तेवढी दारोदार फिरतेय. पाण्याच्या लाइनसाठी दोन वर्षं भांडलेली बाई आहे ती, मामा. ती हरली तर मला बघवणार नाही. पण देवीने हो म्हटल्यावर काळजी करणं हा अविश्वास होतो का, तेही समजत नाही.

आपला गोंधळलेला,
उन्मेष

ता. क. : तुमचं आणि मामींचं नाव अजून इथल्याच मतदार यादीत आहे. मतदान मंगळवारी. निघण्याआधी तिकडच्या देवीला कौल लावून बघा. डावा आला तर उगाच दगदग नको.

ता. क. २ : संजीवनीने पत्र वाचलं. वरची शेवटची ओळ खोड म्हणाली. मी म्हटलं, देवीला विचारल्याशिवाय कसं? तर तिने पेन हिसकावून घेतलं. पुढचं अक्षर तिचं आहे.

मामा, देवीचं नाव यादीत नाही. तुमचं आहे. सोमवारीच या.