खुर्च्या कमी मांडणारा माणूस

ती. मावशीस,

लांबूनच वाकून नमस्कार (जवळ असतो तर आधी पाठीत धपाटा बसला असता). गुडघा कसा आहे? मंडपाच्या शिड्या चढणं आता तरी सोडलंस का?

मी सध्या तुझ्या जुन्या कामगाराकडे, म्हणजे हल्लीच्या आमदारसाहेबांकडे आहे. पक्ष यंदा त्यांना तिकीट देईल की नाही, सगळं रविवारच्या सभेच्या गर्दीवर आहे. तिथे वाटायची त्यांची जीवनकथा मी लिहितोय. (शाळेत माझे निबंध अर्धेच राहायचे, हे इथे बोलू नकोस.) रोज दुपारी आम्ही दोघं रिकाम्या सभागृहात बसतो. पंखे सावकाश फिरतात, पडदा फुगतो, पुन्हा बसतो, आणि साहेब डोळे मिटून बालपण सांगतात. काल वडील शिंपी होते, आज नावाडी झाले. नदी तर अशी सांगितली, की लिहायचं सोडून मी तिच्यात तरंगतच राहिलो. जागा झालो तेव्हा साहेबही घोरत होते.

खरं ते एकदाच बोलले. "तुझ्या मावशीने मला एकच विद्या दिली. खुर्च्या कमी मांडायच्या, उरलेल्या पडद्यामागे. माणसं आली, की धावत एकेक आणायची. पुढाऱ्याला वाटतं, गर्दी मावतच नाही!" एका पुढाऱ्याला ती धावपळ इतकी भावली, की त्याने यांना थेट गाडीत बसवून नेलं. राजकारणात आले ते असे. मी तसंच लिहिलं, तर सेक्रेटरी भडकला. "अरे बाबा, तुरुंगवास लिही! साहेबांना खुर्च्या काय उचलायला लावतोस?" बसलो तुरुंग लिहायला, पण समोर ढग आले, आणि तुरुंगाला खिडकी ठेवावी की नाही यातच संध्याकाळ झाली.

काकांना नमस्कार.

तुझा, कुठेच न टिकलेला,
भाचा

ता. क. तुरुंगाचं जाऊ दे. काल साहेबांनी स्वतः खुर्च्या मांडून पाहिल्या. कितीही काढून घेतल्या तरी त्यांना जास्तच वाटतात. रविवारी मांडायला तू येशील का? तुझा अंदाज चुकत नाही.

आणखी एक ता. क. हे साहेबांना वाचून दाखवलं. मग म्हणाले, "मांडायला नको. बाईंना म्हणावं, नुसत्या पुढे येऊन बसा. एवढ्या सभा लावल्या त्यांच्या हाताखाली, पण माझं भाषण त्यांनी कधी ऐकलंच नाही." ये गं मावशी. मी ऐकलंय ते भाषण. उशी आण.