तुझ्या वर्गातलं कासव

आई,

तू गेल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी पुष्कळ बोलले, पण एक गोष्ट कधी बोलले नाही. मला तू शिकवायचीस त्या चौथीच्या वर्गाचा हेवा वाटायचा. अजून वाटतो. ती पोरं आता चाळिशी ओलांडून गेली असतील, मी पन्नाशीला टेकले, तुला जाऊन किती वर्षं झाली ते मोजणंही मी सोडून दिलं. पण शाळेच्या मागच्या पटांगणात त्यांच्यामध्ये उभी असलेली तू आठवलीस की अजून हातातलं काम तसंच राहतं.

जळगावात तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे बँकेत नाही तर एखाद्या कारखान्यात काचेच्या खोलीत ठेवलेली वस्तू. तुमच्या प्राथमिक शाळेला एका तेलगिरणीवाल्यांनी त्यांच्याकडचे जुने कॉम्प्युटर दिले आणि मुख्याध्यापकांनी बैठकीत विचारलं, धुळ्याला जाऊन हे शिकून कोण येतं? संस्थेच्या तिथल्या शाळेत शनिवारी दुपारी शिक्षकांसाठी वर्ग होता. गुरुजी मंडळी एकमेकांकडे बघत राहिली. एकांनी घरातलं लग्नकार्य पुढे केलं, दुसऱ्यांनी डोळ्यांचा नंबर. तू म्हणालीस, मी जाते. घरी हे सांगताना तू कणीक मळत होतीस. बाबा म्हणाले, "या वयात?" तू मान वर न करता म्हणालीस, "वय विचारून आलं नाही. हे निदान विचारून आलंय."

एका शनिवारी बाबा गावाला गेले होते म्हणून तू मला बरोबर घेतलंस. मी आठवीत होते. एसटीत खिडकीची जागा मिळाली, पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा तू पेरू घेतलेस, आणि मला वाटलं, आजचा दिवस आपल्या दोघींचा. वर्गाबाहेरच्या बाकावर बसून मी तुझी पाठ बघत होते. आजूबाजूला सगळे तुझ्यापेक्षा तरुण, आणि तू लहान मुलीसारखा हात वर करून शंका विचारत होतीस. परत येताना मी शाळेतलं काहीबाही सांगत होते. तू 'हो, हो' म्हणत होतीस आणि मांडीवरच्या पर्सवर बोटाने चौकोन काढत होतीस. एरंडोल गेल्यावर तू एकदम माझ्याकडे वळलीस. मला वाटलं, आता काहीतरी विचारशील. तू म्हणालीस, "पण काटकोन माहीत नसलेल्या पोरांना वळायला कसं सांगायचं गं?"

ते तू शोधून काढलंस. पडद्यावर एक छोटं कासव असायचं. त्याला इतकं पुढे जा, इतकं वळ असं सांगितलं की ते मागे रेघ सोडत जायचं आणि त्या रेघांचं घर व्हायचं, झाड व्हायचं. पण मशिनांपुढे बसवायच्या आधी तू पोरांना पटांगणात नेलंस आणि म्हणालीस, आज मी कासव. माझी शाळा सुटली की घराची किल्ली घ्यायला मी तुझ्याकडे यायचे, तशी त्या दिवशी आले आणि कुंपणापाशी थांबले. पोरं ओरडत होती, "पुढे! पुढे! पुढे!" आणि तू चालत होतीस. पदर खोचलेला, चेहरा मख्ख. थांब म्हणायचं कोणाला सुचलंच नाही. तू सरळ जाऊन कडुलिंबाच्या झाडाला धडकलीस आणि तशीच झाडाला कपाळ टेकून उभी राहिलीस. पोरं हसून हसून मातीत लोळली. मग तू मागे वळलीस, कपाळाला सालीचा भुगा लागलेला, आणि तूही हसत होतीस. तुझं ते हसू मी तोवर पाहिलं नव्हतं. आपल्या घरात तू कधी माझ्यासाठी झाडाला धडकली नव्हतीस.

त्या वर्गात एक मुलगी होती. पारोळ्याकडच्या खेड्यातली, शिकायला म्हणून जळगावला मामाकडे ठेवलेली. वेण्यांना लाल रिबिनी, बोलणं अजून गावाकडचं. वर्गात बाकीची पोरं तिला हसायची, म्हणून ती गप्प असायची. एकदा मी किल्लीसाठी दारात उभी असताना तिचं घर पडद्यावर वाकडं झालं. छप्पर एकीकडे आणि भिंत भलतीकडेच. ती रडवेली होऊन म्हणाली, "बाई, मनं बठ्ठं चुकनं." तू तिच्याजवळ गेलीस, गुडघ्यावर बसलीस आणि म्हणालीस, "चुकनं ते चुकू दे. चाल, देखूत कोठे चुकनं ते." मग हात पाठीमागे धरून बसून राहिलीस. पोरांच्या कीबोर्डला बाईंनी हात लावायचा नाही, असा तुझा तुझ्यावरच नियम होता. ती एकेक ओळ वाचत गेली, बोट ठेवत गेली, आणि तिचं तिलाच सापडलं.

आई, तू भडगावकडची. तुझं माहेर सगळं अहिराणी बोलायचं. पण मी लहानपणी मामाच्या घरून ते शब्द तोंडात घेऊन आले की तू म्हणायचीस, "घरात नीट बोलायचं." एकदा जेवताना मी 'सगळं'च्या जागी 'बठ्ठं' म्हणाले, तर तू माझ्या ताटात वाढता वाढता हात थांबवलास आणि मी वाक्य पुन्हा नीट म्हणेपर्यंत भाजी वाढली नाहीस. तुझी भाषा तू मला दिली नाहीस. ती तू एका परक्या पोरीजवळ गुडघ्यावर बसून, इतक्या मायेने काढलीस, की मी किल्ली न घेताच परत फिरले आणि तू येईपर्यंत पायरीवर बसून राहिले.

घरी तुझा धीर संपलेला असायचा. मला भाकरी थापायला बसवायचीस आणि कड फाटली की म्हणायचीस, "राहू दे, मीच करते." गणित अडलं की वही ओढून घेऊन उत्तर लिहून टाकायचीस, "इतकं साधं येत नाही?" आणि मग जेवताना बाबांना त्या पोरीचं सांगायचीस. आज तिने फुलं काढली. आज तिने स्वतः पायऱ्या काढल्या. मी खाली मान घालून जेवायचे. शेवटी एक दिवस म्हणाले, "मलाही शिकव." तू जरा चकित झालीस. "ते लहान मुलांचं आहे गं. दहावी झाली की क्लास लावू तुला."

तरी एका रविवारी तू मला नेलंस, हे मला नाकारता येणार नाही. शाळेत चिटपाखरू नव्हतं. तू मशिनांवरचं कापड काढलंस, मला खुर्चीवर बसवलंस. मी चौकोन काढला. त्यावर त्रिकोण काढायला गेले आणि वळण चुकलं. मी अजून पडद्याकडे बघतच होते, तेवढ्यात तुझा हात माझ्या खांद्यावरून पुढे आला. "असं नाही, सर जरा." टकटक करून तू ते नीट केलंस. घर छान दिसत होतं. ते माझं नव्हतं.

मी म्हणाले, "तिला तू असं करत नाहीस."

"कोणाला?"

"त्या रिबिनीवालीला. तिच्या वेळी हात मागे धरतेस."

तू कीबोर्डवरचा हात काढून घेतलास. मग शेजारच्या छोट्या खुर्चीवर बसलीस. "तिचं चुकलं तर मला काही वाटत नाही," तू म्हणालीस. "तुझं चुकलं की जीव घाबरा होतो. मला नाही जमत गं तुझ्या बाबतीत." एवढं बोलून तू उठलीस आणि मशिनी बंद करायला लागलीस. आज मला कळतं की ते तू फार खरं बोलली होतीस, आणि बोलायला तुला जड गेलं होतं. पण तेराव्या वर्षी मला खरं नको होतं. मला तुझे हात मागे धरलेले हवे होते.

पुढे तुझं आजारपण आलं. मला धुळ्याच्या कचेरीत नोकरी लागली ते तू पाहिलंस, एवढंच. तिथे टेबलावर कॉम्प्युटर आला तेव्हा माझ्यापेक्षा लहान एका सहकाऱ्याने मला शिकवलं. तो सारखा माझ्या हातातला माउस काढून घ्यायचा, आणि मी मुकाट्याने देत होते.

मागच्या महिन्यात धुळ्यातच एका लग्नात जेवणाच्या टेबलावर शेजारी एक बाई बसली. मुलांच्या क्लासचं बोलणं निघालं. ती म्हणाली, "आता हे कोडिंग कोडिंग करतात. आम्हाला जळगावला चौथीतच शिकवलं होतं आमच्या बाईंनी." मी हातातला घास खाली ठेवला. शाळेचं नाव विचारलं. पारोळ्याकडचं गाव विचारलं. तीच होती. आता तिचं धुळ्यात कापडाचं दुकान आहे. मी विचारलं, "मग कासव आठवतं का?"

"कासव?" ती हसली. "होतं काहीतरी तसं. काय शिकवलं ते काही डोक्यात राहिलं नाही बघा. पण बाई कधी रागावल्या नाहीत, ते लक्षात आहे."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

मला तिच्या विसरण्याचाही हेवा वाटला. तिला इतकं मिळालं होतं की त्यातलं बरंचसं सांडलं तरी तिला कमी पडलं नव्हतं. मला त्या पटांगणातला लिंबसुद्धा कुठल्या कोपऱ्यात होता ते ठाऊक आहे.

तिने विचारलं, "तुम्ही बाईंना ओळखता?"

"ओळखते," मी म्हणाले. तुझी मुलगी आहे हे सांगितलं नाही.

"बऱ्या आहेत ना? माझा नमस्कार सांगा त्यांना."

तू नाहीस, हे तिला सांगायला हवं होतं. तिचा चेहरा उतरला असता, कदाचित ती रडलीही असती. पण ते मी तिला दिलं नाही, आई. तुझ्या शेवटच्या आजारात उशाशी मी बसले होते, ते तेवढं माझं एकटीचं आहे. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि म्हणाले, "सांगते."