एका फेरीचा व्हिसा

२ फेब्रुवारी २००८
मिळाला! उंगवारला वकिलातीच्या रांगेत थंडीने काकडले, पण व्हिसा मिळाला. ताईचं घर माझ्या स्वयंपाकघरातून दिसतं. सरहद्दीच्या तारेपलीकडे, स्लोवाकियात. नाताळाआधी ते लोक खुल्या युरोपात गेले — त्यांना आता पार पोर्तुगालपर्यंत कुणी अडवत नाही. आम्हा युक्रेनवाल्यांना मात्र त्याच गावाच्या दुसऱ्या अर्ध्यात जायलाही व्हिसा!
एकाच फेरीचा आहे. एकदा जा, परत या, संपलं. दुसरा कधी देतील, देव जाणे.

५ फेब्रुवारी
ताईचा मुलगा बर्टलान सायकलवरून आला. त्यांना इकडे यायला व्हिसा लागत नाही. म्हणाला, "मावशी, आईचं काही खरं नाही. डॉक्टरांनी हात टेकले. ये ना आता."
तो गेल्यावर आमचे गास्पारराव सुरू झाले. "जा की! व्हिसाचं काय लोणचं घालणार आहेस?"
नवऱ्याला बोलायला काय जातंय! आज गेले, तर मातीला कशी जाऊ?

६ फेब्रुवारी
आई पलीकडे, ताईकडे वारली तेव्हा इकडे सोव्हिएत पहारा होता. तारेजवळ बोलायला बंदी. मग सगळे शेतात खुरपताना गाण्यातून निरोप द्यायचे. आई गेल्याचंही ताईने गाऊनच कळवलं. अंत्ययात्रा मुद्दाम तारेजवळून नेली. मी इकडे खुरपं धरून उभी. रडायचीही चोरी.
तेव्हाच ठरवलं होतं — ताईला मूठभर माती मी देणार. माझ्या हाताने.
आणि आता जिवंत बहिणीच्या मातीची तयारी करत बसलेय. लाज वाटते.

८ फेब्रुवारी
नाही गेले. तिच्या खिडकीत दिवा होता, म्हणजे आहे अजून.

११ फेब्रुवारी
बस्स. उद्या जाते. आधी तिला डोळे भरून बघते. मातीचं मातीच्या वेळी बघू.

१२ फेब्रुवारी
कोट चढवत होते, तर दारात ताई! चाकाच्या खुर्चीत, रजयांत गुंडाळलेली. मागे बर्टलान, घामाघूम. "ऐकतच नाही गं, मावशी!"
ताईने आधी काय विचारावं? "व्हिसा वापरलास?"
"नाही."
"मग ठेव तसाच. माझ्या मातीला लागेल. मला इकडे यायला कोण अडवतंय?"
अंगात त्राण नाही, पण तोरा बघा! राजम्याचं सूप दोन चमचे घेतलं आणि म्हणाली, मीठ कमी. आम्ही खूप हसलो. किती वर्षांनी एका टेबलाशी बसलो! संध्याकाळी बर्टलान तिला परत नेणार होता, पण तिला धाप लागली. माझ्याच पलंगावर निजवलंय.

१३ फेब्रुवारी
ताई पहाटे गेली. माझा हात धरून.
गास्पारराव सरहद्दीच्या चौकीवर विचारून आले. मृतदेह असा नेता येत नाही. दोन्ही देशांचे परवाने हवेत. किती दिवस लागतील, कुणी सांगेना.
व्हिसा कोरा आहे. मी केव्हाही जाऊ शकते. ताईला जाता येत नाही.