कोरडी माती

चौथा महिना, नववा दिवस

पुन्हा ओल! बादशहांच्या समाधीचं काम सुरू होऊन अकरा वर्षं झाली. पूल, शिलालेखाचं घर, दगडी हत्ती-उंट, दालन, मनोरा — सगळं एका रेषेत उभं आहे. ती रेषा माझ्या हातची. तिच्या टोकाला चार दगडी दारं, आणि आत शवपेटीखाली यायची ती वीतभर तोंडाची ‘सोन्याची विहीर’. खणल्या दिवसापासून तिच्यावर लाकडी पेटी पालथी घातलेली — ऊन, चांदणं, काहीही आत पडायचं नाही. म्हणून अंधारात हात घालूनच बघायचं. मनगटापर्यंत पाणी लागलं.

दहावा दिवस

ही जागा निवडली माझ्या सासऱ्यांनी. त्यांना सांगितलं. दडवू का, असंही विचारलं. म्हणाले, “कळवा, जावईबापू. पाणी आज ना उद्या वर येणारच. मग तुमचंही डोकं जाईल.”

चौदावा दिवस

कळवलं. दरबाराचा हुकूम आला — वीस दिवसांत कोरडी जागा दाखवा, नाहीतर म्हाताऱ्याची रवानगी उत्तरेच्या सीमेवर! चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. तिथली थंडी त्यांना झेपायची नाही. आणि हे माझ्यामुळे.

विसावा दिवस

खडक. पाय सुजलेत.

सत्ताविसावा दिवस

पाच टेकड्या झाल्या. कुठे खडक, कुठे झरा. सासऱ्यांच्या काय, माझ्या काय, अंगात त्राण नाही. बाजरीची पेज पिता पिता मी उगाच बोलून गेलो — वानछिंगला पुरलं तेव्हा माती कशी पिठासारखी बोटांतून गळत होती. वानछिंग म्हणजे माझी बायको, त्यांची एकुलती एक लेक. त्यांनी वाडगा खाली ठेवला.

पाचवा महिना, पहिला दिवस

जागा मिळाली! दरबारचा अधिकारी खूश, सासरे वाचले. मला रडूच आलं. कुठली जागा ते मात्र सांगेनात. “उद्या रेषा आखायला या. आज झोपा जरा,” एवढंच.

दुसरा दिवस

नव्या विहिरीच्या जागेची लाल खुंटी वानछिंगच्या थडग्यावर आहे. सासऱ्यांनीच ठोकली. वानछिंगला तिथून हलवायला तीन दिवस दिलेत.

सहावा दिवस

विहिरीची पहिली माती पिवळ्या रेशमात बांधून जपायची असते. आज ती मी बांधली. कोरडी होती.