बाहेर पडायचं पान

मॅडम, आज ऑफिसात मी पुन्हा हाताची घडी घालून बसले. समोर पडद्यावर एका अनोळखी माणसाचं बोट फिरत होतं आणि मी ते बघत होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमचा क्लास होता तिथे आता दातांचा दवाखाना आहे, पण मी केलेलं पान कुणी वापरायला घेतलं की माझे हात आपोआप घडीत जातात. शेजारी बसणाऱ्या तरुण मुलांना वाटतं, मॅम रागावल्यात.

सदाशिव पेठेतल्या त्या दोन खोल्यांत तुम्ही आम्हाला वेबसाइट करायला शिकवलंत, तेव्हा पान म्हणजे आखलेले चौकोन असायचे. एकात चित्र, दुसऱ्यात मजकूर. आपली मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गेली की त्यांची भलतीच चिन्हं व्हायची, म्हणून आपण मराठी मजकुराचंसुद्धा चित्रच करायचो, आणि ते चित्र फोनच्या तारेवरून पट्टीपट्टीनं खाली उतरायचं. मला लुकलुकणारी अक्षरं फार आवडायची. "लग्नाचा मांडव आहे का हा?" एवढंच तुम्ही म्हणायचात, आणि मी मुकाट्यानं एकेक दिवा विझवायचे. पण तुमची खरी परीक्षा पुढेच असायची. पान पुरं झालं की तुम्ही खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तर काकांना हाक मारायचात, त्यांना खुर्चीवर बसवायचात, आणि ज्यानं पान केलं त्यानं त्यांच्या मागे हाताची घडी घालून उभं राहायचं. बोलायचं नाही, दाखवायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही.

माझं पहिलं पान एका वाचनालयाचं होतं. काका आत शिरले, यादीत पोचले आणि तिथेच अडकले. माउस सोडून ते तुमच्याकडे वळतात. "अहो मॅडम, तुमच्या या मुलीनं आत तर घेतलं, आता बाहेर कसं पडायचं?" मी तोंड उघडते, "काका, तिथे खाली बघा..." आणि तुम्ही माझ्याकडे न बघताच म्हणता, "गप्प. उद्या जो जो हे उघडेल, त्याच्या त्याच्या घरी जाणार आहेस का सांगायला?" त्या दिवसापासून तुम्ही मला सवय लावलीत, की पान कसलंही असो, आधी बाहेर पडायची वाट काढायची आणि मग बाकी सगळं. मी ती अजून सोडलेली नाही.

मधल्या काळात पानांनी किती सोंगं घेतली. आधी नुसतीच नाचणारी चित्रं यायची आणि मग साइट उघडायची. मग बटणं काचेसारखी चमकायला लागली, पुढे सगळ्यांनी ती चमक पुसून सपाट केली. मग सगळं फोनमध्ये मावायला लागलं आणि पानांना तळच उरला नाही. कितीही सरकवा, खाली आणखी असतंच. आता तर हवं ते एआयला एका वाक्यात लिहायचं, चहा येईपर्यंत पान तयार, आणि ते इतर सगळ्या पानांसारखंच दिसतं. मी इतकी वर्षं जे केलं त्यातलं आज काहीच कुठे नाही. जुनी पानं साठवून ठेवणारी एक जागा इंटरनेटवर आहे, तिथे एकदा आपल्या क्लासचं पान मिळालं. मराठी सगळं चित्रांत होतं, ते गेलं. नुसते रिकामे चौकोन उरलेत, आणि खाली तुम्ही काढलेली परतीची वाट. मी ती दाबली. ती मला तशाच एका रिकाम्या पानावर घेऊन गेली, तिथेही परतीची वाट होती. मी बराच वेळ एकटीच तशी फिरत राहिले. मला भीती वाटली, मॅडम.

शेवटचं भेटलो तेव्हा तुमच्या उजव्या हातात जोर राहिला नव्हता. तुम्ही उशीला टेकून फोनवर कसलंसं सभासदत्व बंद करायला बघत होतात. बोट उचलायला वेळ लागायचा, म्हणून दाबलेल्या जागेवरची अक्षरं निळी होऊन जायची. मी तुमच्या मागे उभी होते, सवयीनं गप्प, हाताची घडी घालून. तुम्ही मान वळवलीत. "अगं, परीक्षा झाली केव्हाच. आता सांग की." आपण दोघी हसलो. मग मी फोन हातात घेतला, आणि मलाही वाट सापडेना. माझं पोट ज्या कामावर चालतं, तेच मला जमेना. "कुणी केलंय गं हे?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "असेल माझ्यासारखंच कुणीतरी." तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुमचे टोमणे मी पुष्कळ ऐकले, पण ते गप्प बसणं माझ्या कानांतून जात नाही.

आता माणसं खालच्या मजल्यावरून बोलवावी लागत नाहीत. ती आपापल्या फोनवर पान वापरतात तेव्हा त्यांच्या नकळत रेकॉर्डिंग होतं. नाव नाही, चेहरा नाही, बोट टेकलं की तिथे एक करडा ठिपका उमटतो, एवढंच. औषधं घरपोच देणाऱ्या एका कंपनीचं सभासदत्व बंद करायचं पान आम्ही नवीन केलंय. म्हणजे मीच केलंय. सध्या ते थोड्याच सभासदांना दिसतं. वर मोठ्या केशरी बटणावर 'थांबा, जाऊ नका' आहे. बंद करायची वाट पार खाली, फिक्या अक्षरांत. वाट मी आधीच काढली होती, तुम्ही सांगितलं होतं तशी. आणि ती आधी काढली की कुठे लपवायची तेही आधीच कळतं. आजच्या रेकॉर्डिंगमध्ये एक ठिपका त्या पानावर वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. एका जागी दाबून राहतो आणि तिथली अक्षरं निळी होतात. मॅडम, ते तुम्ही नाही, मला कळतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "अजून खाली, अजून थोडं खाली." शेवटी ठिपका थांबला. मग पडद्यावर नुसतं माझं पान राहिलं.

आमचा मॅनेजर माझ्या मुलाच्या वयाचा आहे, स्वभावानं चांगला. तो मागे उभा राहून म्हणाला, "मॅम, नंबर्स बघा ना, लोक सोडून जातच नाहीयेत. सगळ्यांसाठी लाइव्ह करूया. फक्त तुमचा अप्रूव्हल हवाय." मी म्हटलं, "अरे, जात नाहीयेत की त्यांना जाता येत नाहीये?" तो हसला. "सेमच आहे ना मॅम." मी त्याला उद्या सांगते म्हटलं आणि कंपनीच्या बसमध्ये येऊन बसले. हिंजवडीच्या चौकात बस नेहमीसारखी अडकली आहे, आणि मी फोनवर तुम्हाला हे लिहिते आहे.

हे पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. पण एक कबूल करते. मी तुमची आठवण आली म्हणून लिहायला घेतलं नव्हतं. उद्या त्याला हो म्हणायचं होतं आणि त्यासाठी तुमची परवानगी हवी होती. वाटलं होतं, लिहिता लिहिता तुमच्या तोंडी एखादं वाक्य येईल, 'जाऊ दे गं, दिवस बदलले' असं काहीतरी, आणि मी मोकळी होईन. पुन्हा पुन्हा लिहून बघितलं, पुसलं. तुमच्या आवाजात ते वाक्य मला लिहिता येत नाहीये.