कपाळावरचं बटण

हाव वन्सं, त्या वेबसाईटवरली बाई मीच हाय. माझ्यासारखी दुसरी कुणी असंल म्हणून वाट बघू नका, असलं नाक लातुरात दुसरं न्हाई. तुम्ही फोन उचलना झाल्या म्हणून मन्मथच्या टेम्पोतून हे पत्र निलंग्याला धाडून राहिले. (त्याला चहा पाजा. माझा राग त्याच्या कपात काढू नका.) तुमच्या पायावर डोकं ठेवते. गुडघे कसे हायेत? भाऊजींचा खोकला? माझी तब्येत बरी हाय. तोंड तेवढं दाखवायच्या लायकीचं ऱ्हायलं न्हाई, अन् तेच समद्या मुलखाला दिसून राहिलं.

शेजारच्या हुसेनबीची लुबना तुम्हाला ठावी हाय, मागं तुमच्या फोनचा आवाज नीट करून दिला ती. शहराची पर्यटनाची वेबसाईट करायचं काम तिला मिळालं. पाहुण्यानं उघडली की आधी हात जोडलेली हसरी बाई दिसावी, असं तिच्या मनात. पुण्याची मॉडेल इथल्या उन्हाला भिऊन आली न्हाई, म्हणून पोरीनं मला इच्यारलं. मी चौथी शिकलेली, पण हसायला कुठं शाळा लागती? इरकल नेसले अन् गंजगोलाईच्या बाजारात जाऊन उभी ऱ्हायले. (जवळपास बघायला काय काय हाय, तेबी तिला लिहायचं होतं. निलंग्यात काय बघावं म्हणली. मी म्हणलं, आमच्या वन्सं, पण लांबून. तिनं ते लिहिलं न्हाई, भित्री हाय.)

फोटो लागला अन् मग समद्यांना दिसलं. तुमचे भाऊ गेल्यापासून माझं कपाळ मोकळं, अन् फोटोत त्याच्यावर रुपयाएवढं कुंकू. तुम्ही फोनवर जाब इच्यारला तवा मी म्हणलं, पोरीनं नटवलं, तिला आपल्यातलं काय कळतं. तुम्ही लगेच तिला फोन लावून असं झापलं की भिंतीपल्याड मला ऐकू आलं. ती एवढंच म्हणली, चुकी झाली, आत्या.

त्यात फोनवर उघडलं की फोटो खालून कापला जातोय. नाकाखालचं समदं गायब, नुसतं कपाळ अन् कुंकू. (तुमच्या भावाला जन्मभर माझं तोंड बंद करता आलं न्हाई, ते फोननं एका दिसात केलं.) मी लुबनाकडं गेले, म्हणलं, ह्याच्यावर कायतरी झाक. तिनं वर न बघता बरोबर कुंकवावर बटण बसवलं, 'लातूर पाहा'. आता कुणाला लातूर बघायचं असलं तर माझ्या कपाळाला बोट लावावं लागतंय. भाजीवाला लिंबाजी माझ्यादेखत तीनदा लावून ऱ्हायला, म्हणला, उघडना की वहिनी. नेट हळू असलं तर तिथंच एक गोल भिंगरी फिरती. मंदिरात गेले तर बाया आधी देवीकडं न्हाई, माझ्या कपाळाकडं बघत्यात. पदर इतका पुढं ओढते की परवा दिव्याच्या खांबाला धडकले, आता तिथं खरोखरचं टेंगूळ हाय.

लई लाज वाटती वन्सं. भाऊजींना नमस्कार, लेकराबाळांना आशीर्वाद.

तुमची थट्टेखोर वहिनी

ता.क. पत्राचं खरं काम ऱ्हायलंच. लुबनाला फोन करून दोन गोड शब्द बोला. ती चहाला येत न्हाई, हुसेनबी दारातून नुसती मान हलवती. पोरगी म्हणून राहिली की हे काम दुसऱ्याला द्या, माझ्यानं लोकांची मनं दुखत्यात. तिचं पहिलंच मोठं काम हाय. तुमचा शब्द ती मानंल.

ता.क. दुसरा. तुम्ही इच्याराल, मी कामून फोन करू, चुकी तिची. तिची न्हाई. ती म्हणली होती, मावशी, जैसे हो वैसेच आओ. घरातून निघायच्या आधी देवघरातल्या करंड्यात मीच बोट घातलं. आरशात पाहिलं. लई चांगली दिसले, वन्सं. म्हणून पुसलं न्हाई.