तळघराच्या दाराजवळची खाट हलवण्याच्या नोटिशीबाबत

प्रति,
मा. संचालक,
विजयस्मृती दालन,
जुनी धान्यवखार, दुसरा मजला.

विषय : आमच्या इमारतीचे तळघर रिकामे करून देण्याची नोटीस; दाराजवळची खाट व तीवर झोपणारी माझी थोरली बहीण यांना तेथून न हलवण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाने तळघराच्या दारावर चिकटवलेली नोटीस.
२) तीच नोटीस, डिंक सुटल्यावर पुन्हा चिकटवलेली.

महोदय,

खाली सही करणार हा आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. तरीही अर्ज रीतसर लिहीत आहे, कारण गेल्या आठवड्यात समक्ष भेटीस आलो असता आपल्या शिपायाने "साहेब ओळखीच्या माणसांना भेटत नाहीत, लेखी द्या" असे सांगितले. तेव्हा कार्यालयाच्या सोयीसाठी ओळख नव्याने देतो. चौकातले कडीकोयंड्यांचे दुकान माझे. युद्धाच्या काळात आपण आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होता व पाणीखात्यात कारकून होता. तहानंतर आपण इमारत सोडली, मोठे झालात, आणि आता आमचेच तळघर आपल्या दालनाचा भाग होणार आहे. याबद्दल रहिवाशांतर्फे अभिनंदन. ते मनापासून आहे की कसे, हे नोंदवण्याची सोय अर्जात नसते.

१. नोटिशीत "तळघरात अनधिकृतपणे वास्तव्य करणारी एक महिला" असा उल्लेख आहे. ती महिला म्हणजे माझी ताई. आपणही तिला ताईच म्हणत होता. तळघरात बसण्याच्या त्या दिवसांत आपण तिच्या डब्यातले जेवलात, तिची उशी वापरलीत, आणि खोकला झाला तेव्हा तिच्याच हातचा काढा प्यालात. त्या वेळी तिचे वास्तव्य आपणास अधिकृत वाटत असावे.

२. युद्ध माणसांचे काय करते याविषयी आपल्या दालनात तक्ते लागणार आहेत असे ऐकतो. आमच्या गल्लीपुरते मी दुकानात बसून सांगू शकतो. युद्ध सुरू झाले तेव्हा लोकांनी माझ्याकडून कड्या नेल्या. मधल्या काळात काहीच नेले नाही, कारण दारेच उरत नव्हती. तह झाल्यावर खिळे नेऊ लागले. निम्मे गेलेल्यांच्या फोटोंसाठी आणि निम्मे मानपत्रांसाठी. मानपत्राला खिळा मोठा लागतो, चौकट जड असते.

तळघरात मधल्या खांबाजवळची जागा सर्वांत सुरक्षित समजली जाई. ती कोणी कशी मिळवली हा विषय आता कोणी काढत नाही, पण "आम्ही खांबाकडचे" असे सांगण्याची पद्धत मात्र पडली आहे. मागच्या महिन्यात इमारतीतल्या एका मुलीचे लग्न जमता जमता राहिले. मुलाच्या आईने सहज विचारले, "तुम्ही खाली कुठं बसायचा?" मुलीच्या बापाला खरे बोलण्याची खोड. तो म्हणाला, "पाण्याच्या पिंपाशेजारी, भिंतीला." बाईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे तशी काही वर ओळख नव्हती म्हणा तुमची." विषय तिथेच संपला.

तळमजल्यावरच्या शिंपीणकाकू अजून पायांत बूट घालून झोपतात. आमचा न्हावी, रस्त्यात फटफटी वाजली की, वस्तरा वाटीत ठेवून भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, कारण तेही फेसासकट खुर्चीखाली गेलेले असते. अशा या शहाण्यांच्या वस्तीत ताईची सवय एवढीच, की ती तळघरात दाराजवळ झोपते आणि दार वाजले की उठून उघडते. दूधवाला असो, दारुडा असो, मांजर असो. उघडते, बघते, परत येऊन पडते. ही सवय तिला कशी लागली हे आपणास सांगण्याची गरज नाही. परंतु फाईल पुढे इतरांच्या हाती जाईल, म्हणून लिहितो.

३. तळघरातील हजेरीची पद्धत आपणच घातली, हे मी नाकारत नाही. पाणीखात्यात तेव्हा पाणी नसल्याने आपल्या हाताला दुसरे काम नव्हते. भोंगा झाला की सर्वांनी खाली यावे, शिंपीणकाकूंनी खोलीवार विचारावे, सगळे आत आल्याची खात्री झाली की दार लावावे, आणि पुन्हा भोंगा होईपर्यंत कोणत्याही आवाजाला ते उघडू नये. नियम चांगला होता. लोकांनी त्यात स्वतःची सोय करून घेतली. एकाने दुसऱ्यासाठी "आहे" म्हणायचे. सासू सुनेसाठी म्हणे, शेजारी शेजाऱ्यासाठी. माणूस जिन्यातच असायचा, पावले ऐकू यायची; तोवर हजेरी उरकलेली बरी, असा हिशेब. बहुतेकदा माणूस येऊन पोचायचा आणि हिशेब जुळायचा.

त्या दुपारी मी दुकानातच अडकलो होतो. पुढचे मला पुष्कळ तोंडांनी सांगितले गेले. त्यातले जुळते तेवढेच येथे मांडतो. ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागून उतरत होते, कारण म्हाताऱ्यांना हाताला धरून खाली आणायचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले होते. शेवटच्या म्हातारीला पोचवून ते दाराशी वळले, तेव्हा जिन्यात आपण त्यांना म्हणालात, "अहो, माझा स्टोव्ह चालूच राहिला." ते "तुम्ही व्हा पुढं" म्हणाले आणि वर गेले. हे पुढच्या पायरीवरच्या न्हाव्याने ऐकले. खाली पोचताच त्याने कानांत कापसाचे बोळे घातले, त्यामुळे त्यापुढचे त्याने काही ऐकले नाही.

दिवे गेले होते. काकूंनी विचारले, "पहिला मजला, डावी खोली. दोघं?" ताई आत पिंपापाशी होती. ती म्हणाली, "मी आहे." दाराजवळून आवाज आला, "तेही आहेत, इथंच आहेत. लावा दार." तो आवाज आपला होता. आपण तो कधी नाकारलेला नाही. फक्त आठवणींच्या भाषणांत तो येत नाही.

थोड्या वेळाने दार वाजले. ताई उठली. "दार वाजतंय," ती म्हणाली. अंधारातून उत्तर आले, "हजेरी पुरी झालीय, ताई. सगळे आत आहेत, मग वाजवणार कोण?" तिने भाऊजींना हाक मारली. ओ आली नाही. कोणीतरी म्हणाले, "बोळे घातले असतील हो कानांत." दोघींनी तिला धरून खाली बसवले. दार बराच वेळ वाजत होते, आणि जाणती माणसे एकमेकांना स्फोटांच्या हादऱ्यांची माहिती देत होती. मग वाजायचे थांबले.

भोंगा झाल्यावर दार उघडले तेव्हा भाऊजी पायरीवर होते. वर जाऊन पाहिले तर स्टोव्ह नीट बंद केलेला होता.

आपण संध्याकाळी ताईला म्हणालात, "मला वाटलं, ते माझ्यामागंच आहेत." ताईने मान हलवली. तेव्हापासून तिने आपल्याविरुद्ध एक शब्द काढलेला नाही. काढला असता, तर हा अर्ज निराळ्या कार्यालयाकडे गेला असता.

४. आता दालनाविषयी. तळघराच्या दारावर "येथे आश्रय घेतलेल्यांपैकी एकही जीव गेला नाही" असा संगमरवरी फलक बसणार असल्याचे समजले. आपल्या कारकुनाकडे भाऊजींविषयी विचारणा केली असता त्याने अत्यंत सौजन्याने सांगितले, की मृत्यू दाराबाहेर झाला असल्याने तो "रस्ता व इतर" या सदरात धरला आहे. दाराची फळी माझ्या अंगठ्याइतकी जाड आहे. आपला सगळा इतिहास तेवढ्या जाडीवर उभा आहे, सुतारकामाला जपावे.

५. तळघर "जसे होते तसे" दाखवायचे म्हणून प्रथम भिंतींना चुना लावण्यात आला. नंतर जुन्या काजळीशिवाय शोभा नाही असे लक्षात आल्याने काजळी रंगवायला रंगारी आणला. तो दोन वेळा विचारायला आला, काजळी खालून वर जाते की वरून खाली येते. ज्यांनी ही योजना मंजूर केली त्यांच्यापैकी कोणालाच ते सांगता येईना, कारण समितीतील सर्व सन्माननीय सदस्य युद्धाचा काळ सीमेपलीकडे आपापल्या नातलगांकडे राहून सोसत होते. अखेर ताईनेच खाटेवर बसल्या बसल्या सांगितले.

मग दाराजवळ ठेवण्यासाठी पुतळा आला. "आश्रयातील माता" असे त्याचे नाव. मूर्तिकाराने ताईला तासभर समोर बसवून तो केला, पण पुतळा तिशीचा आहे. विचारले तर म्हणाला, "वरून तसा शेरा आहे. दुःखी दाखवा, पण खचलेली नको." पुतळ्यास अस्सल कपडे हवेत म्हणून ताईचा करडा स्वेटर पावती देऊन नेण्यात आला. ती हल्ली खांद्यावर चादर घेऊन बसते आणि पुतळ्याला स्वेटर बरा बसला म्हणते.

यानंतर कारकुनाने दुसरा प्रस्ताव आणला. ताईला पाहण्याच्या वेळेपुरते तिथेच बसू द्यावे, मात्र तिने बोलू नये, खाऊ नये, आणि दार वाजले तरी उठू नये, कारण शाळेच्या सहली येतील, पोरे मजेने दार वाजवतील, आणि बाई उठल्या की रांग मोडेल. म्हणजे जिवंत माणसाने पुतळ्याचे काम करायचे आणि पुतळा राखीव ठेवायचा. हा प्रस्ताव कोणाच्या डोक्यातून निघाला हे मी विचारले नाही. इमारतीत राहत असताना आपल्या अशा कल्पनांशी आमचा परिचय झालेला आहे.

६. मागच्या गुरुवारी आवाजांची चाचणी झाली. कोपऱ्यांत कर्णे बसवून विमाने, स्फोट, रडणे असे सगळे ओळीने वाजवण्यात आले. त्यात मध्येच दार ठोठावल्याचा आवाज होता. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला विचारले, तर तो अभिमानाने म्हणाला, "साहेबांच्या भाषणात आहे ना, दार थडथडत होतं म्हणून. त्यावरून सुचलं. प्रेक्षकांच्या अंगावर काटा येतो." चाचणी दुपारभर चालली. प्रत्येक ठोठावण्याला ताई उठली, दार उघडले, बाहेर पाहिले, आणि परत येऊन बसली. शेवटी आपला कारकून वैतागून माझ्या दुकानात आला. म्हणाला, "काका, त्यांना जरा समजवा ना. सारख्या उठतात, आवाजाची पातळी घेता येत नाही." मी त्याला स्टूल दिले आणि पाणी दिले. तो नोकर माणूस आहे. त्याच्याशी बोलून काय उपयोग.

७. काल आपल्या माणसांनी तळघराच्या दाराला बाहेरून नवा कोयंडा ठोकून कुलूप अडकवले. उद्घाटनानंतर रोज संध्याकाळी दार बाहेरून बंद करण्यात येईल असे नोटिशीच्या शेवटी बारीक अक्षरांत आहेच. या दाराला आजवर फक्त आतून कडी होती. ती माझ्याच दुकानातली. कोयंडा मात्र आपण दुसरीकडून घेतलात. तो हलका आहे आणि वाकडा बसवला आहे.

नोटीस ताईला वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकली. आपल्याविषयी "खोकला अजून आहे का रे त्याला?" एवढेच विचारले. मग म्हणाली, "पुतळा ठेवायचा तर ठेवू देत बापडे. पण आत ठेवा म्हणावं, खांबापाशी. दाराशी नको. कोणी आलं तर तो उठणार आहे का?"

मी म्हणालो, "ताई, आता कोण येणार आहे?"

ती म्हणाली, "तेव्हाही सगळे हेच म्हणत होते."

तरी विनंती की, (अ) दाराजवळची खाट व ताई यांना त्यांच्या जागी राहू द्यावे; (आ) आपल्या ध्वनिमुद्रणातून दार वाजल्याचा आवाज काढून टाकावा, बाकीचे युद्ध हवे तेवढे मोठ्याने वाजवावे; (इ) फलकाचा मजकूर आपणास योग्य वाटेल तो ठेवावा, त्याला आमची हरकत नाही, आम्ही तो वाचणार नाही. मागणी (अ) नामंजूर झाल्यास उद्घाटनाच्या दिवशी इमारतीतील सर्व रहिवासी, खांबाकडचे व पिंपाकडचे, आपापल्या जुन्या जागी बसून राहणार आहेत. असे पहिल्यांदाच एकमताने ठरले आहे, यावरून प्रकरणाचे गांभीर्य ध्यानी यावे. आपली जागा दाराजवळ होती. ती रिकामी ठेवू.

कळावे. उत्तराची वाट पाहत नाही.

नियमापुरता नम्र,

(सही)
कडीकोयंड्यांचा दुकानदार, ताईचा धाकटा भाऊ

दिनांक : नोटिशीची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी

सोबत :
१) नोटिशीची प्रत.
२) करड्या स्वेटरची पावती. स्वेटर परत मिळावा, थंडी पडते आहे.
३) आपल्या कार्यालयाने तळघराच्या दाराला बाहेरून लावलेले कुलूप, कोयंड्यासह. स्क्रू पुडीत वेगळे बांधले आहेत.